पावसाळ्यांतील एक दिवस : चांद्याच्या वेशीपासून वैनगंगेच्या घाटापर्यंत

पाऊस लागला म्हणजे शहरांतील कुटुंबाची ठरलेली सहल मोडते, हा नेहमींचा अनुभव आहे. डबे भरलेले असतात, मुलें जोडे घालून दारांत उभीं असतात, आणि वडील मंडळी आभाळाकडे पाहून निकाल देतात कीं, "आज नको, उघडीप पडली म्हणजे पाहूं." उघडीप पडते, तेव्हां सुटीचा दिवस निघून गेलेला असतो. अशा रीतीनें वर्षाचे चार महिने घराबाहेरच्या प्रदेशाला जणुं कुलूप लागलेलें असतें.

ज्या इंग्लंडांत बाराहि महिने पावसाची भुरभुर चालते, तेथील लोकांनीं उघडिपीची वाट पाहण्याची संवय केव्हांच सोडून दिली आहे. समुद्रकांठीं दोन दिवस घालविण्यास गेलेलें कुटुंब पाऊस आला म्हणून खोलींत बसून राहत नाहीं. पावसाळी अंगरखे चढवून तें किनाऱ्यानें व शेतांतल्या पाऊलवाटांनीं फिरावयास निघतें. पाऊस तेथें कांहीं वेळां मोठा उपकारहि करतो. दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील मातट कडे पावसानें व वादळानें ढासळतात, आणि कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या प्राण्यांचे दगड झालेले सांगाडे उघडे पडतात. मेरी ॲनिंग ही एका गरीब सुताराची मुलगी अशाच दिवसांत किनाऱ्यावर हिंडे. १८११-१२ च्या सुमारास तिला व तिच्या भावाला मत्स्याकृति सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सांपडला, आणि शास्त्रज्ञांचें लक्ष त्या किनाऱ्याकडे वळलें. परंतु १८३३ सालीं असाच एक कडा तिच्या समोर कोसळला व तिच्या सोबतचा कुत्रा त्याखालीं गाडला गेला. ती स्वतः थोडक्यांत वांचली. पाऊस जें दाखवितो त्याची किंमतहि तो कधीं कधीं वसूल करतो. पावसांत हिंडणाऱ्यानें ह्या दोन्ही गोष्टी एकदमच शिकाव्या लागतात.

महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेकडील चंद्रपूर व गडचिरोली हे वनमय जिल्हे हा धडा घेण्यास फार योग्य आहेत. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता; त्या वर्षीं २६ ऑगस्ट रोजीं गडचिरोली वेगळा झाला. चंद्रपूर हें नांव १९६४ पासूनचें. त्यापूर्वीं सरकारदरबारीं 'चांदा' असें म्हणत, आणि जुनीं माणसें अजूनहि तसेंच म्हणतात. येथें समुद्र नाहीं. परंतु समुद्रच पाऊस होऊन येथवर चालत येतो. बंगालच्या उपसागरावर हवेच्या कमी दाबाचें क्षेत्र निर्माण झालें कीं तें ओडिशा व छत्तीसगड ओलांडून वायव्येकडे सरकूं लागतें, आणि हा प्रदेश पुष्कळदां त्याच्या वाटेवर किंवा वाटेच्या दक्षिण अंगास सांपडतो. मग पाऊस सरीसरीनें येत नाहीं, तो मुक्कामाला येतो. दोन-दोन, तीन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. ह्याला इकडे 'झड' म्हणतात. वर्षाचा पाऊस सरासरीनें सव्वाशे सेंटिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो.

अशा दिवसांत जावें कोठें? परगांवच्या मंडळींस ह्या भागांत ताडोबाखेरीज फारसें कांहीं ठाऊक नसतें. ताडोबा हें महाराष्ट्रांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान. तें १९५५ सालीं जाहीर झालें. परंतु तेथील व्याघ्रप्रकल्पाचा गाभ्याचा भाग जुलै ते सप्टेंबर पर्यटकांस बंद असतो. हा बंद दरवाजा एका अर्थीं बराच म्हणावयाचा. वाघ दिसला कीं नाहीं, ह्या एका प्रश्नापलीकडे ह्या भूमींत पाहण्यासारखें काय आहे, हें पाहण्यास सवड मिळते.

सुरुवात चंद्रपुरांतच करावी. ह्या शहराभोंवतीं गोंड राजांनीं बांधलेला दगडी कोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे, आणि त्यांशिवाय पांच लहान वाटा. त्यांना 'खिडक्या' म्हणतात. दरवाज्यांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचें शिल्प कोरलेलें आहे. तें गोंड राजांचें चिन्ह होय. शहराची जन्मकथा अशी सांगतात कीं, बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गळवें आलीं होतीं. शिकारीस निघालेला हा राजा तहानेनें व्याकुळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत आला. तेथें एका खळग्यांत त्याला पाणी सांपडलें; त्या पाण्यानें हातपाय धुतांच त्याची व्याधि बरी झाली. त्या जागीं अंचलेश्वराचें स्थान झालें. पुढें तेथेंच एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागें लागलेला दिसला. ज्या भूमींत ससा कुत्र्याला पळवितो ती भूमि वीरांची, असें मानून सशाच्या धांवेच्या मार्गानें कोटाची आंखणी झाली. कथा खरी-खोटी कशीहि असो. तिचा आरंभ शत्रूपासून होत नाहीं, पाण्यापासून होतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

हा कोट शत्रूसाठीं बांधला, हें पुस्तकांत वाचावयास मिळतें. तो पाण्याच्या सोबतीनें कसा उभा आहे, हें पावसांत कळतें. शहराच्या पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट. झरपट इरईला मिळते व इरई पुढें वर्धा नदीला. वर्धा नदी मोठी व तिचें पाणी लांबून येणारें. तिला पूर आला म्हणजे इरईचें पाणी तिच्यांत शिरूं शकत नाहीं. तें तुंबतें व उलट शहराकडे फुगत येतें. इरईवर वरच्या बाजूस धरण आहे. त्याचे दरवाजे त्याच वेळीं उघडावे लागले तर वरून येणारें पाणी व खालून अडलेलें पाणी यांची गांठ नेमकी चंद्रपूरच्या वेशीपाशीं पडते. २००६, २०१३ व २०२२ ह्या वर्षीं हें घडलें. नदीच्या पात्रालगत अलीकडे वसलेल्या वस्त्यांत अशा वेळीं पाणी शिरतें; कोटाच्या आंतली जुनी वस्ती त्या मानानें सुरक्षित राहते. पठाणपुरा दरवाज्याशीं छत्री घेऊन पंधरा मिनिटें उभें राहिलें, तर जुन्या माणसांनीं घर कोठें बांधलें व नव्या माणसांनीं कोठें बांधलें, ह्यांतला फरक मुलांनाहि समजतो. कोटावर झाडेंझुडपें माजलीं होतीं. २०१७ पासून इको-प्रो ह्या संस्थेच्या स्वयंसेवकांनीं श्रमदानानें तो पुष्कळ मोकळा केला, म्हणून हें दर्शन आज सुलभ झालें आहे.

चंद्रपूरहून पूर्वेस मूलकडे जाणारा रस्ता लवकरच रानांत शिरतो. उन्हाळ्यांत हेंच रान पानगळीनें उघडें-बोडकें दिसतें. पावसांत तें ओळखूंहि येत नाहीं. सागाला ह्याच दिवसांत पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात. सागाचें कोवळें पान तळहातावर चोळलें कीं हात लाल होतो. लहान मुलांना ह्याहून मोठी गंमत रानांत दुसरी नाहीं. बांबूच्या बेटांतून नवे कोंब वर येतात. त्यांना 'वास्ते' म्हणतात व त्यांची भाजी करतात. वारुळांच्या आसपास उगवणाऱ्या अळंब्यांना 'सात्या' म्हणतात. त्या विकावयास बसलेल्या बायका रस्त्याच्या कडेला भेटतात. सात्या घ्यावयाच्या त्या ह्यांच्याकडूनच घ्याव्या. स्वतः रानांतून वेंचून आणण्याचें धाडस करूं नये, कारण खाण्याजोगें अळंबें व विषारी अळंबें यांतला भेद पुस्तकी ज्ञानानें कळत नाहीं. रस्ता सोडून झाडींतहि शिरूं नये. मूल, सावली व ब्रह्मपुरी ह्या भागांत वाघ केवळ गाभ्याच्या जंगलांत राहत नाहींत. शेतांच्या कडेलाहि त्यांचा वावर असतो, आणि गवत वाढल्यामुळें पावसाळ्यांत ते दिसत नाहींत.

रान विरळ होऊं लागलें कीं भाताचीं शेतें लागतात. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील काळ्या जमिनींत कापूस व सोयाबीन; पूर्वेकडील हलक्या, पिवळसर जमिनींत धान. धानाच्या शेताचे बांधांनीं पाडलेले लहान लहान तुकडे असतात. त्यांना 'बांधी' म्हणतात. प्रत्येक बांधी म्हणजे एक उथळ तळेंच. तिच्यांत चिखल करून, रोपवाटिकेंतले 'पऱ्हे' उपटून आणून, बायका ओळीनें रोवणी करतात. कमरेंत वांकून, पाठीवर मेणकापड घेऊन, दिवसभर पावसांत चाललेलें हें काम मोटारीच्या कांचेंतून मोठें चित्रासारखें दिसतें. तें चित्र नव्हे. तें वर्षाच्या अन्नाचें काम आहे. झड लागली म्हणून शहरांतलें माणूस घरांत बसतें, त्याच झडीची हीं माणसें हात जोडून वाट पाहत असतात. रोवणीच्या वेळीं पाणी नसेल तर पऱ्हे वाफ्यांतच पिकून जातात.

परंतु पाऊस लहरी असतो, म्हणून त्याला अडवून ठेवण्याची योजना ह्या प्रदेशानें फार पूर्वीं केली. ती म्हणजे तलाव. गोंड राजवटींत असा दंडक होता कीं, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्यानें भिजणारी जमीन मिळावी. अशा देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरांतील एका वस्तीला अजून तेंच नांव आहे. १८६९ सालीं मेजर ल्यूसी स्मिथ ह्या अधिकाऱ्यानें चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा जो अहवाल लिहिला, त्यांत गोंड राजांच्या ह्या हकिकती नोंदलेल्या आहेत. भंडारा व चांदा ह्या भागांतील कोहळी समाज तलाव बांधण्याच्या कसबाबद्दल प्रसिद्ध आहे. पुढें मालगुजारांच्या काळांत तलाव त्यांच्या मालकीचे झाले. मालगुजारी १९५१ सालीं संपली व तलाव सरकारकडे गेले. तेव्हांपासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि बोलण्यांत त्याचें 'मामा तलाव' असें लाडकें रूप झालें आहे. पूर्व विदर्भांत असे तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत.

तलावाची रचना भर पावसांत पाहावी. उताराच्या आडव्या अंगानें मातीची पाळ घातलेली असते. पाळीच्या पोटांतून खालच्या शेतांकडे पाणी सोडण्यासाठीं मोरी असते. तिला कांहीं गांवांत 'तुडूम' म्हणतात. पाळीच्या एका टोंकाला मुद्दाम सखल ठेवलेली वाट असते. तलाव भरला म्हणजे जादा पाणी तेथून निघून खालच्या तलावाकडे जातें. तिला 'सलंग' म्हणतात. ही सखल वाट नसती तर पाणी पाळीवरून वाहिलें असतें, आणि मातीची पाळ कांहीं तासांत विरघळली असती. सांठविण्याच्या कलेंतच सोडून देण्याची कला आली, हें त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या कारागिरांस पक्कें ठाऊक होतें. सलंगावरून पाणी पडूं लागलें कीं खालचे मासे त्या धारेवर उलट चढूं लागतात, व गांवचीं पोरें तेथें जमा होतात. कोठें मात्र पाळीला भगदाड पडलेलें दिसतें, कोठें बेशरमाच्या झुडपांनीं अर्धें पात्र व्यापलेलें दिसतें. गाळ कोणीं काढावा, ह्या प्रश्नाचें उत्तर मालक बदलल्यापासून धड लागलेलें नाहीं. उन्हाळ्यांत ती हयगय दिसत नाहीं. पावसांत ती फुटक्या पाळींतून वाहतांना दिसते.

सावलीच्या पुढें वैनगंगा येते. मध्यप्रदेशांत शिवनी जिल्ह्यांत उगम पावलेली ही नदी बालाघाट व भंडारा ओलांडून येथें येते, व येथें ती चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांची सीमा होते. पुढें वर्धा नदी तिला मिळते. दोघींचा प्रवाह प्राणहिता ह्या नांवानें सिरोंच्यापाशीं गोदावरींत जातो. भरलेली वैनगंगा पुलावरून पाहिली म्हणजे समुद्र न पाहिल्याची उणीव राहत नाहीं. पलीकडच्या कांठाचीं झाडें धूसर होतात, आणि तांबूस पाण्यावरून सबंध ओंडके खेळण्यासारखे जातात.

गडचिरोलीहून दक्षिणेस चामोर्शी, आणि चामोर्शीजवळ वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा. येथें नदी आपली दक्षिणेची वाट सोडून कांहीं अंतर उत्तरेकडे वळते, म्हणून हें स्थान पवित्र मानलें गेलें. सुमारें हजार वर्षांपूर्वींचा हा देवळांचा समूह एका दगडी आवारांत उभा आहे. आवार जवळजवळ १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यांत येथें आला व ह्या शिल्पांचें त्यानें सविस्तर वर्णन केलें. ऊन असतांना ह्या भिंतींवरील मूर्ति एकांत एक मिसळतात. पावसानें भिजल्या कीं दगड काळसर होतो, कडा उठून दिसतात, आणि प्रत्येक मूर्तीचा हात, पाय, अलंकार निराळा वाचतां येतो. परंतु येथेंहि पावसानें आपला कर घेतलाच आहे. पूर्वीं मुख्य देवळाच्या शिखरावर वीज पडली, आणि कोसळलेल्या दगडांनीं सभामंडपाचें छत मोडलें, असें सांगतात. अलीकडच्या काळांत पुरातत्त्व खात्यानें त्याच्या दुरुस्तीचें काम हातीं घेतलें. मृत्यु समोर उभा असतां शिवलिंगाला मिठी मारून वांचलेल्या बालक मार्कंडेयाचें हें क्षेत्र. महाशिवरात्रीला येथें मोठी यात्रा भरते. त्या वेळीं नदी शांत असते. पावसाळ्यांत मात्र घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखालीं जातात.

ह्या पायऱ्यांवरूनच दिवसाचा खरा प्रश्न सुरू होतो. दुपारचे तीन वाजलेले असतात. पाऊस थांबलेला असतो, क्वचित् ऊनहि पडलेलें असतें. शहरी मनुष्य म्हणतो, "आतां काय भीति? आतां निवांत थांबूं." नदीचा हिशेब निराळा असतो. भंडारा जिल्ह्यांत पवनीजवळ गोसीखुर्दचें मोठें धरण आहे; १९८८ सालीं त्याची पायाभरणी झाली. त्याला ३३ दरवाजे आहेत. वर मध्यप्रदेशांत पाऊस पडला, दरवाजे उघडले, कीं तें पाणी येथें पोहोंचेपर्यंत वेळ जातो. म्हणून स्वच्छ उन्हांतहि वैनगंगेला पूर येतो. १९२० सालचें नव्हे, अगदीं २०२० सालचें उदाहरण आहे : ऑगस्टच्या अखेरीस असाच पूर आला, आणि भंडारा, ब्रह्मपुरी व गडचिरोलीकडील पुष्कळ गांवें पाण्यांत गेलीं. चंद्रपूरच्या वेशीपाशीं जें दिसलें, तेंच येथें मोठ्या प्रमाणावर घडतें. वैनगंगा फुगली कीं कठाणीसारख्या उपनद्यांचें व नाल्यांचें पाणी तुंबतें, आणि परतीच्या रस्त्यावरचा सकाळीं कोरडा असलेला ठेंगणा पूल संध्याकाळीं बुडालेला असतो. दक्षिणेकडे भामरागडला तर पर्लकोटा नदीच्या पुरानें दर पावसाळ्यांत गांवाचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटत आला आहे.

अशा पुलापाशीं थांबावें कीं जावें, ह्या प्रश्नानें विदर्भाच्या इतिहासांतील एक मोठा अभ्यासक गमावला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून नागपुरास आलेले मिशनरी. त्यांनीं तेथें शाळा काढली. नागपूर व चांदा प्रदेशांतील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला. गोंडांच्या कथा व गाणीं लिहून घेतलीं. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते रिचर्ड टेंपल ह्या अधिकाऱ्यासमवेत नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहण्यास गेले होते. परततांना ते एकटे मागें राहिले. सकाळीं सहज ओलांडलेला ओढा दरम्यान पावसानें फुगला होता. मुक्कामावर त्यांचा घोडा एकटाच पोहोंचला. शोध केला तेव्हां ओढ्यांत त्यांचें शव मिळालें. त्यांचे गोंडांविषयींचे कागद टेंपलनें १८६६ सालीं प्रसिद्ध केले. ज्याला ह्या भूमीचे थर ठाऊक होते, त्यालाहि एका ओढ्याची संध्याकाळची उंची ठाऊक नव्हती.

म्हणून झडीच्या सहलीचे नियम थोडे पण कडक असावेत. निघतांनाच परतीची वेळ ठरवावी, आणि शेवटचा मोठा नाला उजेड असतांना ओलांडावा. निघण्यापूर्वीं धरणांतून पाणी सोडल्याची बातमी पाहावी. घाटावर गेल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक दगड ठेवावा. अर्ध्या तासांत तो बुडाला तर नदी चढत आहे. पाण्यावर फेस, पालापाचोळा व काटक्या एकाएकीं वाढल्या, तर वरून नवें पाणी येत आहे असें समजावें. गुडघाभर वाहतें पाणी माणसाचा तोल घालवितें, आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारींना उचलून नेतें. म्हणून पुलावर पाणी दिसतांच गाडी मागें घ्यावी. विजा चमकूं लागल्या तर झाडाखालीं उभें राहूं नये; विजेची सूचना देणारें 'दामिनी' हें साधन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें आहे, तें भ्रमणध्वनींत ठेवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नदीकांठच्या ढिवरास विचारावें. जाळें गुंडाळून जो घरीं निघाला आहे, त्याच्या मागोमाग निघावें.

असें लवकर परतावें लागलें, तर मुलें हिरमुसतात. देऊळ पुरतें पाहून झालेलें नसतें, डबा गाडींतच उघडावा लागतो. परंतु त्यांत कमीपणा नाहीं. ज्यांनीं पाळीला सलंग ठेवला, त्यांनींहि हेंच केलें होतें : किती घ्यावें आणि केव्हां सोडावें, हें पाण्याकडे पाहून ठरविलें होतें. पूर दोन दिवसांत ओसरतो. मार्कंड्याचें देऊळ हजार वर्षें त्या कांठावर उभें आहे. तें आणखी आठ दिवस थांबेल.